चक्कर कानातली की मेंदूतली? ईईजी करण्याआधी, करताना आणि नंतर

चिठ्ठीवर दोनच शब्द असतात, 'चक्कर' आणि 'ईईजी', म्हणजे डोक्यावरून मेंदूची वीज टिपून तिचा आलेख काढण्याची तपासणी. ती चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला मी खुर्चीत बसवते आणि डोक्याला टेप लावायच्या आधी विचारते, "चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?" ईईजी तंत्रज्ञ म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर एवढं मला कळलं आहे, की या प्रश्नाचं उत्तर जितकं स्वच्छ, तितका पुढचा आलेख कामाचा. उत्तरच नसेल तर अर्धा तास पडद्यावर लाटा सरकत राहतात आणि चक्कर का येते ते तसंच राहतं.

अपस्मारामुळे, म्हणजे बोलीभाषेतल्या फिटमुळे, चक्कर येत असावी अशी शंका डॉक्टरांनी घेतली असेल, तर त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. निदान करणं आणि औषध देणं हे मेंदूविकारतज्ज्ञांचं काम. पण त्यांच्या हातात नीट माहिती आणि नीट आलेख पडावा, हे बरंचसं तुमच्या हातात आहे.

कानाचा आजार नसताना गरगरतं कसं

तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. तिचे संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी जातात आणि तिथून वर, कानशिलाच्या वरच्या-मागच्या भागात पोचतात. मेंदूचा कानशिलालगतचा भाग म्हणजे टेम्पोरल लोब आणि त्याच्या वर-मागचा परायटल लोब; हे दोन्ही जिथे एकमेकांना भिडतात तो भाग, आणि त्यांच्या घडीत आत दडलेला इन्सुला, इथे 'मी हललो' ही जाणीव तयार होते. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना बारीक विद्युतस्पर्श देऊन पाहत असत. टेम्पोरल लोबच्या वरच्या भागाला स्पर्श झाला की काही रुग्ण सांगत, मी फिरतोय. हाच भाग आपसूक पेटला, तिथल्या पेशी एकदम एका तालात वीज सोडू लागल्या, तर कान ठणठणीत असूनही खोली गरगरू लागते. अपस्मारातली चक्कर ती हीच.

ही गोष्ट दुर्मीळ आहे, हे इथेच सांगून ठेवते. नुसतीच चक्कर, सोबत दुसरं काहीही नाही आणि कारण मात्र अपस्मार, असं फार थोड्यांच्या बाबतीत निघतं.

आता यंत्राची मर्यादा. १९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज यंत्रं संगणकीय झाली, तरी जे मोजायचं ते तितकंच क्षीण आहे. डोक्याच्या कातडीवर मिळणारा विद्युतदाब साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा तीस हजारावा भाग. कवटीबाहेरून एखादी लाट दिसायची, तर मेंदूच्या पृष्ठभागाचा काही चौरस सेंटिमीटर तुकडा एकाच वेळी पेटावा लागतो. इन्सुला तर घडीच्या तळाशी. तिथली छोटी फिट वरच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे डोक्यावर चिकटवलेल्या वीज टिपणाऱ्या चकतीला, कळेलच असं नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिली पायरी: झटका लिहून काढा

आपल्याकडे 'चक्कर' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. आजूबाजूचं सगळं गोल फिरणं, म्हणजे गरगरणं किंवा भोवळ. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असं वाटणं. चालताना झोक जाणं. आणि डोकं हलकं, पोकळ वाटणं. तुमची कोणती, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. डॉक्टरी शब्द वापरू नका.

मग वेळ. खरं तर निम्मं निदान इथेच होतं. अपस्मारातली चक्कर सहसा काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत संपते. कूस बदलताना, वर बघताना किंवा पलंगावर आडवं होताना गरगरून मिनिटाच्या आत थांबली, तर बहुतेकदा कानातले सूक्ष्म स्फटिक जागा सोडून सरकलेले असतात. मेनिएरच्या आजारात चक्कर २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकते आणि कान दडे बसल्यासारखा होतो, त्यात आवाज येतो. अर्धशिशीची चक्कर ५ मिनिटं ते ७२ तास यांत कितीही वेळ राहू शकते. आंतरकर्णाच्या मज्जातंतूला सूज आली, तर दिवसचे दिवस अंथरुणाला खिळवते. 'खूप वेळ होती' असं लिहिण्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी घड्याळ बघायला सांगा. घाबरलेल्या माणसाला ३० सेकंद हे दहा मिनिटांसारखे वाटतात.

फिटकडे बोट दाखवणाऱ्या खुणा चक्करेच्या आजूबाजूला असतात. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, हे सगळं आधी घडून गेलंय असा भास, जळका किंवा विचित्र वास, नजर एका जागी थिजणं, ओठ चाटणं किंवा चघळल्यासारखं तोंड हलवणं, बोटांनी पदर-शर्ट चाळवणं, आणि नंतर थोडा वेळ गोंधळ. यातलं बरंचसं रुग्णाला स्वतःला आठवत नाही. म्हणून 'पाहणारा' माणूस रुग्णाइतकाच महत्त्वाचा. तपासणीला एकट्याने येऊ नका, ज्याने झटका पाहिला आहे त्याला घेऊन या.

मोबाइलवर व्हिडिओ काढता आला तर फारच चांगलं. आधी माणूस सुरक्षित, मग व्हिडिओ. काढताना चेहरा आणि उघडे डोळे दिसू द्या, बुबुळं कोणत्या बाजूला उडतायत ते डॉक्टरांना हवं असतं. नावाने हाक मारा, 'हात वर कर' असं सांगा, आणि एक सोपा शब्द द्या, 'पेरू' म्हणा. झटका ओसरल्यावर विचारा, मी कोणता शब्द सांगितला होता? भान होतं की नव्हतं याचा याहून सोपा पुरावा घरी मिळत नाही. आणि कांदा, चप्पल काहीही हुंगवू नका. त्याने फिट थांबत नाही, मौल्यवान मिनिट मात्र जातं.

दुसरी पायरी: कान, रक्तदाब आणि हृदय आधी

ईईजीची घाई नको. कानाच्या स्फटिकांची चक्कर ओळखण्याची डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून आहे. तिला यंत्र लागत नाही. डॉक्टर तुमची मान वळवून तुम्हाला झटकन मागे निजवतात आणि डोळ्यांकडे बघतात. ठरावीक तऱ्हेने बुबुळं उडाली तर निदान पक्कं, आणि एप्लीच्या पद्धतीने डोकं क्रमाने फिरवून बऱ्याच जणांना त्याच बैठकीत उतार पडतो. माझ्याकडे ईईजीसाठी पाठवलेली कितीतरी माणसं मुळात या चाचणीची होती.

रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत पुन्हा मोजून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर अंधारी येण्याचं कारण तिथेच सापडतं. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर चक्कर येताच साखर तपासा. ईसीजी काढा, कारण हृदयाचा ठोका अधूनमधून चुकला तरी माणूस 'चक्कर आली' असंच म्हणतो.

एक अपवाद. चक्कर अचानक सुरू होऊन थांबतच नाही आणि जोडीला बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं असेल, तर ईईजीची वेळ घेऊ नका. १०८ लावा. हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

तिसरी पायरी: कोणता ईईजी

'ईईजी केला, नॉर्मल आला' असं म्हणणाऱ्याला मी विचारते, कोणता? साध्या ईईजीत जेमतेम २०–३० मिनिटांची नोंद होते. अपस्मार असलेल्या माणसातही अशा पहिल्या नोंदीत खूण सापडण्याची शक्यता साधारण निम्मीच. झोपेसह, पुन्हा पुन्हा नोंद घेतली की ती वाढत जाते. म्हणून शंका दाट असेल, तर दुसरा ईईजी रात्रीचं जागरण करून, झोपेची नोंद मिळेल असा मागा. पेंगताना आणि हलक्या झोपेत टेम्पोरल लोबमधल्या खुणा अधिक सहज वर येतात.

त्यापुढे मोजमाप झटक्यांच्या संख्येचं. रोज किंवा दिवसाआड चक्कर येत असेल, तर अंगावर यंत्र बांधून घरी पाठवतात तो २४ ते ७२ तासांचा ईईजी चांगला. आठवड्यातून एक-दोनदा येत असेल, तर रुग्णालयात राहून काही दिवसांचा व्हिडिओ-ईईजी, जिथे कॅमेरा आणि लाटा एकाच वेळी नोंदतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच येत असेल, तर झटका पकडायची आशा कमी. तिथे झोपेतली नोंद आणि एमआरआय यांवरच भिस्त. माझं स्पष्ट मत आहे, की चक्करेसाठी सर्वांत उपयोगी ईईजी म्हणजे चक्कर चालू असताना निघालेला. बाकीचे सगळे आडून अंदाज बांधणारे.

चौथी पायरी: येण्याआधीची तयारी

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा. तेल, कंडिशनर, जेल काहीही लावू नका. 'तपासणीला जायचंय म्हणून चापूनचोपून तेल लावून वेणी घातली' अशी प्रेमाने तयार करून आणलेली मुलं पाहिली, की मला त्या आईला पुन्हा घरी पाठवताना फार वाईट वाटतं. तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही आणि त्या जागेची नोंद खराब होते.

उपाशी येऊ नका. साखर उतरली की लाटाच बदलतात. रोजची औषधं घेऊन या, विशेषतः फिटची गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नका. गोळी कमी करून झटका पकडायचा झाला, तर तो निर्णय डॉक्टर घेतात आणि रुग्णालयात दाखल करूनच. सगळ्या औषधांची यादी द्या, झोपेच्या गोळीसकट. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशा गोळ्यांनी आलेखात जलद लाटा वाढतात आणि फिटच्या खुणा झाकल्या जाऊ शकतात. माहिती नसेल तर वाचणारा फसतो.

जागरणाचा ईईजी असेल तर किती वाजता झोपायचं आणि उठायचं ते केंद्र सांगेल, बहुधा रात्री चारेक तासांचीच झोप. सकाळी चहा-कॉफी नको, वाटेत गाडीत डुलकी नको. आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची.

पाचवी पायरी: खोलीत काय होतं

नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मापून १० आणि २० टक्क्यांच्या अंतरावर खुणा करतो. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत जगभर चालते. पेस्ट लावून २१ इलेक्ट्रोड चिकटवतो. शॉक बसत नाही, यंत्र फक्त ऐकतं. चक्करेच्या रुग्णासाठी कानशिलाच्या खालच्या ओळीत जादा इलेक्ट्रोड, डोळ्यांजवळ दोन आणि छातीवर ईसीजीची तार लावून घेतलीत तर नोंद कितीतरी अधिक बोलकी होते. नोंद सुरू होण्याआधी हे विनासंकोच विचारा.

डोळ्यांच्या तारेचं कारण मजेशीर नाही, फार कामाचं आहे. डोळ्याचा पुढचा भाग मागच्या भागापेक्षा विद्युतदृष्ट्या धन असतो. डोळे डावी-उजवीकडे उडाले, की कानशिलापुढच्या एफ७ आणि एफ८ या इलेक्ट्रोडवर लाटा उमटतात. गरगरताना डोळे बहुतेकदा उडतात. म्हणजे कानाची साधी चक्कर असली, तरी नेमक्या फिटच्या संशयित जागी तालबद्ध लाटा दिसतात! डोळ्यांची वेगळी तार असेल तर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

मग डोळे उघडा-मिटा, चमकता दिवा, आणि तीन मिनिटं खोल जोरात श्वास. या श्वासाविषयी थोडं थांबून सांगते. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि धडधाकट माणसालाही गरगरल्यासारखं होतं. त्यामुळे 'श्वास घेताना चक्कर आली' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मी मुद्दाम विचारते, "ही तुमची नेहमीचीच चक्कर का?" कुणी चटकन म्हणतं, "हो ताई, हुबेहूब हीच," आणि आलेखात फिटचं काहीही नसतं. मग हे उत्तर आलेखावर टिपून ठेवते, कारण काळजीने नकळत श्वास वाढून येणारी चक्कर अशीच उघड होते. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, फुप्फुसाचा गंभीर आजार किंवा सिकलसेल असेल, तर ही क्रिया करत नाहीत. विदर्भ आणि नंदुरबारकडून येणाऱ्यांनी घरात सिकलसेल असल्यास आवर्जून सांगावं.

नोंद चालू असताना चक्कर आली तर लगेच बोट वर करा किंवा बटण दाबा. आम्ही तुम्हाला नाव विचारू, शब्द लक्षात ठेवायला सांगू, डोळे उघडायला लावू. त्रास देण्यासाठी नव्हे, त्या अर्ध्या मिनिटात भान होतं का हे आलेखावर लिहिण्यासाठी.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचताना

'नॉर्मल' म्हणजे त्या अर्ध्या तासात खूण दिसली नाही, एवढंच. अपस्मार नाही असा त्याचा अर्थ नाही.

'एपिलेप्टिफॉर्म', म्हणजे अपस्मारात दिसते तशी खूण, हा शब्द मात्र वजनदार. अणकुचीदार लाट २० ते ७० मिलिसेकंदांची असली तर तिला स्पाइक म्हणतात, ७० ते २०० ची असली तर शार्प वेव्ह. पण टोक दिसलं की फिट, असं नसतं. आंतरराष्ट्रीय क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी महासंघाच्या २०१७ च्या शब्दसूचीत सहा निकष आहेत. टोकदार आणि दोन-तीन वळणांची लाट, भोवतालच्या लाटांपेक्षा वेगळा कालावधी, चढ-उतार असमान, मागोमाग संथ लाट, पार्श्वभूमी विस्कटलेली, आणि मेंदूतूनच उगम असल्याचं दाखवणारं वितरण. यांतले किमान चार जुळायला हवेत.

चक्करेच्या रुग्णांच्या बाबतीत गफलत होते ती बहुधा टेम्पोरल भागात. पेंगताना तिथे 'विकेट' नावाच्या टोकदार लाटा निरोगी माणसांतही येतात, विशेषतः तिशीनंतर. झापड येतानाची टेम्पोरल थीटा लाटही तशीच निरुपद्रवी. त्यांना फिट समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. 'नॉनस्पेसिफिक स्लोइंग', म्हणजे नेमकं कारण न सांगणाऱ्या संथ लाटा, या शब्दांवरही फिटचं निदान उभं करता येत नाही.

सरसकट ईईजी का नको, ते हिशेबाने बघा. समजा चक्कर येणाऱ्या १,००० जणांचा आलेख काढला आणि त्यांतल्या ५ जणांना खरोखर अपस्मार आहे. पहिल्या नोंदीत सापडतील दोन-तीन. उरलेल्या ९९५ मध्ये शेकडा एकालाच चुकीची खूण निघाली, तरी झाले दहा. म्हणजे रिपोर्टवर ठपका आलेल्या बारा-तेरा जणांत बहुतेक चुकीचे. पहिल्या पायरीतल्या टिपणावरून दाट शंका आलेल्यांचाच ईईजी काढला, तर हा हिशेब उलटा होतो.

आणि चुकीच्या ठपक्याची किंमत आपल्या समाजात काय असते हे मला वेगळं सांगायला नको. "ताई, मुलीचं जमवायचं चाललंय, फिट लिहू नका," अशी विनवणी ऐकली, की मी सांगते, आम्ही दिसतं तेच लिहितो. पण १९९९ च्या कायदादुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला बाधा म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेखच काढून टाकला आहे.

सातवी पायरी: झटका नोंदला गेला तर

इथे तीन शक्यता. पहिली, चक्करेबरोबर एका बाजूच्या टेम्पोरल भागात तालबद्ध लाटा सुरू होतात, त्यांचा वेग, उंची आणि पसारा बदलत जातो आणि मग त्या थांबतात. हा बदलत जाणारा ताल म्हणजे फिट. दुसरी, ईसीजीत ठोका थांबतो किंवा फार मंदावतो, आणि पाठोपाठ मेंदूच्या लाटा संथ होऊन सपाट पडतात. हा हृदयाचा मामला, आजच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. तिसरी, चक्कर आली पण आलेख जसाच्या तसा. माणूस बेभान झाला होता आणि तरी आलेख स्वच्छ, तर फिट असण्याची शक्यता फारच कमी. पूर्ण भानावर होता, तर मात्र दार बंद करता येत नाही, कारण खोल घडीतली छोटी फिट वरून दिसत नाही. एकसारखेच, आपसूक येणारे, सेकंदांचे झटके पुन्हा पुन्हा येत राहिले, तर एवढ्यावर थांबू नका.

पुढे

फिटची शंका बळावली तर एमआरआय अपस्माराच्या खास पद्धतीने काढायला सांगा. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असावं, म्हणजे टेम्पोरल भागाचे पातळ काप घेतले जातात. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ हीही फिटची कारणं, दोन्हींवर उपचार आहेत.

'गोळीने थांबली म्हणजे फिटच होती' हा तर्क चक्करेला लागू पडत नाही. तोलाच्या मज्जातंतूला रक्तवाहिनी घासून दिवसातून अनेकदा सेकंदांची चक्कर येते, तो आजार अपस्माराचा नव्हे, पण कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने तोही शमतो. उलट, चक्करेवर वर्षानुवर्षं प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन घेत राहिल्याने हात कापणं, हालचाल मंदावणं सुरू होऊ शकतं. त्यामुळे कोणतीही गोळी 'चालू आहे म्हणून चालू' ठेवू नका.

निदान होईपर्यंत दुचाकी, विहिरीचा काठ, गच्चीचा कठडा, चालू यंत्र यांपासून लांब राहा. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये अपस्मार, बेशुद्धी आणि कोणत्याही कारणाने अचानक येणारी चक्कर यांविषयी थेट प्रश्न आहे. त्याचं उत्तर खरं द्या.

आणि ईईजी झाल्यावर फक्त छापील रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नका. संपूर्ण नोंद पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यायची वेळ आली, तर त्यांना निष्कर्षाच्या दोन ओळी नकोत, लाटा हव्या असतात. त्या पेनड्राइव्हवर तारीख आणि 'चक्कर आली तेव्हाची वेळ' एका चिकटपट्टीवर लिहून ठेवा.